मीरकॅट खरंच आपल्या मर्कटाचा का? एका जर्मन जोडशब्दाची चौकशी

मीरकॅट हा शब्द संस्कृत 'मर्कट'वरून आलाय, हे तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. ऐकताक्षणी पटतंही. मीरकॅट, मर्कट. व्यंजनं जवळपास तीच, क्रमही तोच, दोन्हीकडे प्राणीच. आणि दावा करणारा अगदीच हवेत बोलत नसतो, कारण आफ्रिकेत मागच्या दोन पायांवर उभं राहून टेहळणी करणाऱ्या त्या छोट्या प्राण्याला हे नाव फार उशिरा मिळालं, त्याआधी कित्येक शतकं या शब्दाचा अर्थ युरोपात खरोखर माकड असाच होता. काही इंग्लिश व्युत्पत्तीकोशांतही 'मर्कटशी तुलना करून बघा' अशी नोंद असते. त्यामुळे 'हॅ, काहीतरीच' म्हणून हे उडवून लावणं बरोबर नाही आणि 'बघा, सगळं आपलंच' म्हणून मिरवणंही बरोबर नाही. एकेक पुरावा टेबलावर मांडून बघू.

तर आधी मूळ आरोपी कोण ते ठरवू. इंग्लिशमधला मीरकॅट डचमधून आला, डच मेअरकाट आणि जर्मन मेअरकात्सं ही सख्खी भावंडं, आणि या घराण्यातलं आपल्याला मिळणारं जुनं रूप आहे 'मेरिकात्सा', जुन्या वरच्या जर्मनमधलं, म्हणजे साधारण ७५० ते १०५० या काळात जर्मनीच्या दक्षिणेकडच्या, उंचावरच्या प्रदेशात जी भाषा लिहिली जायची तिच्यातलं. (आजच्या मेअरकात्संमधला शेवटचा उच्चार आपल्या 'केलं', 'गेलं'मधल्या लं सारखा करायचा, जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाला हा स्वर आयताच मिळालेला असतो.) आजच्या जर्मनमध्ये मेअरकात्सं म्हणजे आफ्रिकेतली लांब शेपटीची माकडं, प्राणीशास्त्रात ज्यांना सर्कोपिथेकस म्हणतात ती.

शब्द उघडला की दोन तुकडे पडतात, मेअर म्हणजे समुद्र आणि कात्सं म्हणजे मांजर. समुद्रमांजर. जर्मन जोडशब्दात मुख्य पद शेवटी येतं आणि आधीचं पद त्याला विशेषण लावल्यासारखं असतं, आपल्या तत्पुरुष समासासारखंच, आणि युरोपातले भाषाशास्त्रज्ञ अशा शब्दांची वर्गवारी करताना तत्पुरुष, बहुव्रीही हीच नावं वापरतात. म्हणजे व्याकरण सांगतं की ही एक मांजर आहे आणि तिचा समुद्राशी काहीतरी संबंध आहे. प्रत्यक्षात ती मांजर नाही आणि समुद्रात राहतही नाही. इथेच शंकेला जागा होते: अर्थ इतका विचित्र असेल तर हा शब्द मुळात परकाच असणार आणि लोकांनी तो आपल्या तोंडाला सोयीचा करून घेतला असणार, असं कुणालाही वाटेल.

पण जर्मनमध्ये मेअर लावलेले बाकीचे शब्द बघितले की ही शंका बरीच ढिली पडते. गिनी पिगला जर्मनमध्ये मेअरश्वाइनशन म्हणतात, छोटं समुद्रडुक्कर. ते डुक्कर नाही, समुद्रातलंही नाही, दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलं एवढाच समुद्राशी संबंध. तिथे कुणी संस्कृत मूळ शोधायला जात नाही. (तसं मेअरश्वाइन हा शब्द त्याआधी डॉल्फिनच्या जातीतल्या प्राण्यांना वापरायचे, तिथे मात्र समुद्र खराखुरा होता.) थोडक्यात 'समुद्रापलीकडून आलेलं काहीतरी' या अर्थाने मेअर चिकटवायची सवय त्या भाषेला आहे. आणि मांजर का, तर शेपटीमुळे. युरोपला ओळखीचं असलेलं माकड म्हणजे मोरोक्को-अल्जीरियातलं बार्बरी माकड, आणि त्याला शेपटी जवळजवळ नसतेच. त्याच्यासाठी जर्मनमध्ये आफं हा वेगळा शब्द होताच. मग समुद्रापलीकडून लांब शेपटीचा, मांजराएवढा, सरसर चढणारा प्राणी कुणीतरी आणला तर लोक त्याला काय म्हणणार? ग्रीकांनीही हाच फरक केला होता, त्यांचा केर्कोपिथेकोस म्हणजे शब्दशः शेपटीमाकड, सर्कोपिथेकस हे शास्त्रीय नाव त्यावरूनच आलंय.

दोन्ही तुकड्यांची कागदपत्रंही साफ आहेत. मेअरचं नातं लॅटिन मारे, गॉथिक (जर्मनची एक जुनी, आता नामशेष नातलग भाषा) मारेइ, रशियन मोरे यांच्याशी, घरचाच जुना शब्द. कात्सं हा मात्र बाहेरून आलेला, उत्तरकालीन लॅटिनमधल्या कात्तुसशी जोडलेला, पाळीव मांजर रोमन लोकांबरोबर युरोपभर पसरलं आणि नाव तिच्याबरोबर फिरलं. डच आणि इंग्लिशमध्ये त्याचा ट राहिला, वरच्या जर्मनमध्ये त्स झाला. हा ट-चा त्स होणं अपघाती नाही, इंग्लिश टेन तर जर्मन त्सेन, इंग्लिश हार्ट तर जर्मन हेर्त्स, नियमच आहे तो.

आता मुख्य चौकशी. दोन भाषांमधले शब्द एकमेकांचे नातलग दोनच प्रकारे होऊ शकतात, एक तर रक्ताचं नातं, म्हणजे दोघांचा पूर्वज एकच, नाहीतर दत्तक, म्हणजे एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतला. संस्कृत आणि जर्मन दूरच्या बहिणी आहेत, त्यामुळे रक्ताचं नातं असलेले शब्द ढिगाने मिळतात. नाभि आणि नाबल, नाम आणि नामं, रथ आणि राट (म्हणजे चाक), दुहितृ आणि टोख्टर. पण यातली मजा अशी की खरे नातलग बऱ्याचदा एकमेकांसारखे दिसतच नाहीत, कारण मधल्या काळात जर्मॅनिक भाषांमध्ये, म्हणजे जर्मन, डच, इंग्लिश यांच्या घराण्यात, व्यंजनं ठरावीक पद्धतीने बदलली. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे बदल सूत्रबद्ध मांडले, तोच ग्रिम जो भावाबरोबर परीकथा गोळा करायचा. त्या नियमाप्रमाणे जुना क हा जर्मॅनिकमध्ये ह होतो. लॅटिनमध्ये डुकराला पोर्कुस, तर त्याचं जुन्या जर्मनमधलं भावंड फाराह, ज्यावरून आजचा फेर्कल म्हणजे डुकराचं पिल्लू. प चा फ झाला आणि र नंतरच्या क चा ह झाला. मग मर्कट आणि मेरिकात्सा यांचा पूर्वज एकच असता तर जर्मन रूपात र नंतर क दिसायलाच नको होता, तिथे ह असता. तो क इतका स्वच्छ दिसतोय हाच पुरावा की रक्ताचं नातं नाही. ही बाजू इथेच बंद, यात वादाला जागा नाही.

राहिलं दत्तक प्रकरण, आणि खरा रस इथे आहे.

संस्कृतमधून किंवा एकूणच भारतातून जर्मनपर्यंत गेलेले शब्द आहेत. शृंगवेर म्हणजे आलं, ते पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, लॅटिनमध्ये झिंगिबेर, मग जुन्या फ्रेंचमधून जर्मनमध्ये येऊन आज इंगव्हर. पिप्पलीवरून ग्रीक पेपेरि, लॅटिन पिपेर, जर्मन फेफर. शर्करेवरून फारसी शकर, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो, जर्मन त्सुकर. प्रत्येक ठिकाणी मुक्काम दिसतोय, कुठल्या बंदरात शब्द उतरला आणि कुणाच्या तोंडी काय झाला हे बोट ठेवून दाखवता येतं. आता मर्कटासाठी हेच करून बघा. ग्रीकमध्ये माकड पिथेकोस किंवा केबोस, लॅटिनमध्ये सिमिया, अरबीत किर्द, फारसीत मैमून. मधल्या एकाही मुक्कामात मर्कटाची सावलीही नाही. शब्द भारतातून निघाला आणि थेट आल्प्सच्या पायथ्याशी उगवला असं मानावं लागतं, आणि तेही अशा काळात जेव्हा भारत आणि जर्मन बोलणारे लोक यांच्यात थेट देवघेव झाल्याचं दिसत नाही.

इथे दाव्याची बाजू मांडणाऱ्याला एक चांगलं हत्यार देतो, कारण ते सहसा कुणी वापरत नाही. जुन्या वरच्या जर्मनमध्ये मोत्याला शब्द होता मेरिग्रिओस. उघडलात तर समुद्राचा कण, समुद्राची रेती. किती सुंदर जोडशब्द, समुद्रातून येणारा दाणा म्हणजे मोती, कुणा कवीने घडवलाय असं वाटावं. पण तो घडवलेला नाहीच! तो मुळात ग्रीक-लॅटिन मार्गारिता, मोती याच अर्थाचा, आणि ग्रीकांनीही तो पूर्वेकडून, बहुधा इराणी भाषांमधून घेतलेला, आजचं फारसी मरवारीद त्याच घरातलं. जर्मॅनिक लोकांना मार्गारिता परका वाटला, त्यातलं 'मार' त्यांना आपल्या समुद्रासारखं ऐकू आलं, उरलेलं 'ग्रित' रेतीसारखं, आणि परक्या शब्दाचा अगदी देशी जोडशब्द बनून गेला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. म्हणजे पूर्वेकडचा म-र ने सुरू होणारा शब्द घ्यायचा आणि त्याचं मेरि-अमुकतमुक करून टाकायचं, हा उद्योग याच भाषांनी केल्याचं सिद्ध झालेलं आहे. मग मार्गारिताचं मेरिग्रिओस होऊ शकतं तर मर्कटाचं मेरिकात्सा का नाही?

प्रश्न रास्त आहे, मला विचाराल तर हा दाव्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पण मोत्याच्या बाबतीत मधले कागद सगळे जागच्या जागी आहेत. ग्रीकमध्ये शब्द आहे, लॅटिनमध्ये आहे, चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये मारिक्रेइतुस असं अर्धवट बदललेलं रूप आहे, म्हणजे वेषांतर चालू असताना पकडलेला फोटोच. मर्कटाच्या बाबतीत असा एकही फोटो नाही. शिवाय मार्गारिताचा पूर्वेकडचा उगम शोधायची गरज का पडली, तर तो अर्थ आणि तो आवाज एकत्र लॅटिनमध्ये आयता समोर होता. मेरिकात्साच्या शेजारी असं काही समोर नाही.

आणि आता तो मुद्दा जो मराठी माणसाला सगळ्यात आधी सुचायला हवा. मर्कट हे संस्कृत रूप, पुस्तकातलं. यजुर्वेदाच्या संहितांमध्ये अश्वमेधाच्या प्राण्यांच्या यादीत मर्कट येतो, तेव्हा शब्द जुना आहेच. पण लोक बोलताना काय म्हणत होते? पालीत मक्कट, प्राकृतात मक्कड, आणि आपल्याकडे माकड. मधला र कधीच गळाला. सर्पाचा सप्प होऊन साप झाला, कर्माचं कम्म होऊन काम झालं, त्यातलाच हा प्रकार. आता समुद्रावरून जनावरं आणि मसाले नेणारे लोक पाठशाळेतून शब्द उचलत नव्हते, बंदरातल्या बोलीतून उचलत होते, आल्याचं ग्रीक नाव शृंगवेरपेक्षा सिंगिवेरच्या जवळ आहे ते यामुळेच. मग बंदरात ऐकू आला असता मक्कट किंवा मक्कड, आणि त्यात र नाहीच! मेअरमधला समुद्र ऐकू यायला जो र लागतो तोच नाही. जर्मन मेअर शब्दात तर र हाच कणा आहे. माकड म्हणणारे आपण रोज तोंडाने हा पुरावा देतो आणि दावा मात्र मर्कटाचा करतो.

शिवाय प्राणीही चुकीचा आहे. मेअरकात्सं म्हणून जी माकडं ओळखली जातात ती आफ्रिकेतली. भारतीय नाव आफ्रिकन माकडाला लावायला मध्ये कुणीतरी व्यापारी, कुणीतरी मुक्काम लागतो, आणि तो आपल्याला वर सापडलेला नाही. बरं मर्कटाचं स्वतःचं कुळही संशयास्पदच आहे, संस्कृतात मर्कट म्हणजे माकड पण आणि कोळी पण, धम्मपदात स्वतःच्याच जाळ्यावरून फिरणारा मक्कटक हा कोळी आहे, हिंदीतली मकडी तिकडचीच. म्हणजे हा शब्द आपल्याकडेही एका प्राण्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतोच आहे. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

तर उड्यांचंच बोलायचं तर जर्मन-डच बाजूची उडी याहून मोठी आहे. १४८१ मध्ये विल्यम कॅक्स्टनने रेनार्ड कोल्ह्याची गोष्ट डचवरून इंग्लिशमध्ये आणून छापली, त्यात गुहेतल्या एका महाकुरूप मादीला बघून कोल्ह्याला वाटतं ही मार्मोसेट, बबून किंवा मेरकॅट असावी. म्हणजे पंधराव्या शतकात अर्थ माकडच. ग्योथेच्या फाउस्ट या जर्मन नाटकात (पहिला भाग, १८०८) चेटकिणीच्या स्वयंपाकघरात मेअरकात्सं कढईवरचा फेस काढत बसलेली असते, शेजारी नर आणि पोरं शेकत बसलेली, मग हिचं लक्ष उडतं, कढई उतू जाते, जाळ धुराड्यातून वर जातो आणि चेटकीण किंचाळत खाली येते. तिथेही माकडच. शब्दशः समुद्रमांजर वाचलं तर त्या प्रवेशाचा निम्मा चावटपणा कळत नाही, ही सगळी मर्कटलीला आहे.

मग मुंगसाच्या कुळातल्या प्राण्याला हे नाव कसं लागलं? १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप ऑफ गुड होपला ठाणं टाकलं. तिथे आलेल्या लोकांना बिळात राहणारे, उभे राहून बघणारे प्राणी दिसले आणि त्यांनी घरचं जुनं नाव काढून त्यांना चिकटवलं. नुसतं एकालाच नाही. आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या भाषेत, स्टोकस्टर्टमेअरकाट म्हणजे आपला प्रसिद्ध मीरकॅट, आणि वायरस्टर्टमेअरकाट म्हणजे चक्क जमिनीवरची खार. माकडाशी कुणाचाच संबंध नाही. इंग्लिशमध्ये हा आफ्रिकन अर्थ १८०१ पासून दिसतो. त्यात आणखी गोंधळ असा की डचमध्ये मेअर म्हणजे समुद्र नाही, तळं (जर्मन आणि डच या बाबतीत एकमेकींच्या उलट चालतात, डच झे म्हणजे समुद्र), त्यामुळे तिकडे लोक याचा अर्थ तळ्यातली मांजर असा लावतात, आणि प्राणी राहतो कलाहारीसारख्या कोरड्या मुलखात. काहींनी मीर म्हणजे मुंगी-वाळवी असं धरून मीरकाट केलं, ते निदान त्याच्या खाण्याशी तरी जुळतं.

दरम्यान युरोपातल्या डच आणि जर्मन लोकांनी ही उडी मारलीच नाही. त्यांच्याकडे मेअरकाट, मेअरकात्सं आजही माकडच, आणि त्या उभ्या राहणाऱ्या प्राण्याला डच म्हणतात स्टोकस्टार्त्ये म्हणजे काठीशेपट्या, जर्मन म्हणतात एर्टमेनशन, भूमीचा छोटा माणूस. त्यामुळे इंग्लिश मीरकॅटचं जर्मन भाषांतर मेअरकात्सं केलंत तर प्राणीसंग्रहालयात भलत्याच पिंजऱ्यासमोर जाऊन उभे राहाल.

दक्षिण आफ्रिकेने तर यावर अजून एक थर चढवलाय. कारू भागात ६४ डिशांची रेडिओ दुर्बीण आहे, २०१८ मध्ये तिचं उद्घाटन झालं, नाव मीरकॅट. पण तिथे कॅट म्हणजे कारू ॲरे टेलिस्कोप आणि आफ्रिकान्समध्ये मेअरचा आणखी एक अर्थ 'जास्त' असा होतो, मूळ योजनेपेक्षा जास्त डिश मंजूर झाल्या म्हणून 'जास्तीची कॅट'. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशांची जीएमआरटी आहे, ती आणि ही मीरकॅट दोघीही स्क्वेअर किलोमीटर ॲरे या मोठ्या जागतिक प्रकल्पाच्या वाटेवरच्या दुर्बिणी, त्यामुळे पुण्याच्या खगोलवाल्यांच्या तोंडी हा शब्द असतो. हजारएक वर्षांपूर्वीच्या मेरिकात्साचे तुकडे पाडून नवे अर्थ लावायचा धंदा अजून चालूच आहे म्हणायचा.

निकाल माझ्यापुरता असा: मेअरकात्सं हा मेअर आणि कात्सं यांचा सरळ जर्मन समास आहे, मर्कटाशी असलेलं साम्य योगायोगाचं. सहाव्या ते नवव्या शतकातल्या एखाद्या लॅटिन हस्तलिखितात, रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) भाषेत किंवा अरबी प्राणीवर्णनात मार्कात-सारखा शब्द माकड या अर्थाने सापडला तर फाईल परत उघडावी लागेल, मेरिग्रिओसचा दाखला आहेच. तोवर कोशातल्या त्या 'तुलना करा'चा अर्थ तुलना करा एवढाच घ्यायचा, 'यावरून आला' असा नाही.

आणि ज्यांना या प्राण्यात आपलं काहीतरी हवंच आहे त्यांनी मर्कटाचा नाद सोडून प्राण्याच्या कुळाकडे बघावं. मीरकॅट हर्पेस्टिडी कुळातला, म्हणजे मुंगसांचा भाऊबंद. इंग्लिशमधला मुंगूस हा शब्द सतराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्लिशमध्ये शिरला आणि त्याचं मूळ म्हणून कोशांमध्ये मराठी मुंगूसचंच नाव येतं, त्याच्याही मागे तेलुगू-कन्नडचा मुंगिसि आहे हे मान्य करून. फ्रेंचांनी त्याचं मांगूस्त केलं, जर्मनांनी तिथून मांगुस्टं उचललं. जर्मन प्राणीशास्त्राच्या पुस्तकात एर्टमेनशन मांगुस्टं या कुळाखाली छापलेला असतो.